एकशे अठ्ठावीस मिलिमीटर

हंटली गावाखाली, डेव्हरन नदीत
रात्रभर एक लोखंडी नरसाळं फिरतं आपल्याच नादात.
एप्रिल सरत आलाय, तरी बोटं बधिर.
मर्डो पेटीचं झाकण उचलतो, म्हणतो, "आज उतरलेत."

बादलीत लवंगेच्या तेलाचे चार थेंब.
दाढदुखीचा हा वास
इथे स्कॉटलंडात, पहाटे तीनला, माशांसाठी.
पिल्लं कलतात, एकेक करून पोहणं विसरतात.

कुशीवरचे बोटांचे ठसे पुसट झालेले,
वरून चांदीचा वर्ख;
हाताळलं की तो माझ्या तळव्याला लागतो.
गोड्या पाण्याची पोरं, खाऱ्याची तयारी.

मी मोजते. मर्डो पेन्सिलीने लिहितो,
पेन भिजलं की रुसतं.
एकशे अठ्ठावीस मिलिमीटर, वीस ग्रॅम.
पोटात तांदळाच्या दाण्याएवढा एक आकडा सरकवला,
शुद्धीवर येईतो ओंजळीत धरलं,
मग सोडलं. ते गेलं
शेपटी पुढे करून, तोंड अजून घराकडे.

ऑक्टोबरात, राखी बगळ्यांच्या झाडाखाली,
शिंतोड्यांनी पांढऱ्या पडलेल्या सुयांवरून
मी यंत्र फिरवते.
बराच वेळ काहीच नाही.
मग टिक्.

मर्डो वहीची पानं उलटतो. बोट थांबतं.
सापळ्यापासून तीन मैलसुद्धा नाही.
"बगळ्यालाही पोरं असतात," म्हणतो,
आणि त्याच ओळीत, शेवटच्या रकान्यात,
जिथे समुद्र लिहायचा असतो तिथे
सावकाश लिहितो:
लार्च, पुलाकडून तिसरं.