थोडे बदल

कुरिअर फक्त दारव्ह्यापर्यंत येतं.
पुढचे अकरा किलोमीटर काळीपिवळीत,
कधी कोंबड्यांच्या खोक्यावर, कधी कुणाच्या मांडीवर,
माझ्या नावाचा लिफाफा येतो
आणि पानठेल्यावर पडून राहतो संध्याकाळपर्यंत.

आत फवारणी पंपाचं नवं मॉडेल,
इंग्रजीत चौसष्ट पानं,
वर चिठ्ठी : गेल्या वेळचंच आहे, थोडे बदल.
या 'थोडे बदल'वर माझं घर चालतं.

माहितीपुस्तिका लिहितो मी.
गावात माझा पत्ता विचारला तर सांगतात,
'डब्यातला कागद लिहिते ना, तो?'
ज्या कागदावर मिरच्या वाळतात,
तो.

नेटवर्क पाण्याच्या टाकीवर.
एकोणीस पायऱ्या चढलं की दोन दांड्या,
तेविसाव्या पायरीवर तीन, पण तिथं मोहोळ आहे.
मी एकोणिसावर बसतो, उतरवून घेतो :
नोझलला तुषारमुख म्हणावं की नोझलच राहू द्यावं,
धोक्याची चौकट पानाच्या वर की खाली,
कुणीतरी शहाण्या बाईची टिपणं :
एका पायरीत एकच काम,
क्रियापद आधी.
क्रियापद आधी!
बाई, आमच्या भाषेत ते शेवटच्या बाकावर बसतं,
सगळं ऐकून घेतं, मग उठतं.

तरी वाचतो. वाचावं लागतं.
सहा महिने टाकीवर नाही चढलं
तर आपलेच शब्द शिळे लागतात जिभेला.

लतीफ मिस्त्रीकडे नेटवर्क नाही, भिंत आहे.
खडूनं, कोळशानं, बोल्टच्या टोकानं :
'मार्चनंतरचा वायसर पातळ. दोन लावा.'
'निळ्या झाकणाले टेप मारजा.'
'स्प्रिंग उलटी बसते. कागदावर जाऊ नका.'
कागद म्हणजे मी.
मी ते वाचून चहा प्यायलो होतो त्याच्याकडे,
हसलोही होतो.

बेबीबाई मसराम अक्षरं वाचत नाही,
बाण वाचते.
भादव्याच्या उन्हात पंप पाठीवर घेऊन आली,
बारावं पान घडी करून पदराच्या गाठीत.
'भाऊ, तुहा बाण उलटा हाये.
त्याचं आयकलं तं नळी सुटली, सारं अंगावर आलं.'

माझ्या हातातला पेन कुठं ठेवला, आठवत नाही.

'पाणीच होतं,' ती म्हणाली.
'नवा कागद असला का आधी पाणीच भरा लागते.'

रात्री कंदील नव्हे, मोबाईल घेऊन शोधलं.
पान एक्केचाळीस, तळाशी, मुंगीएवढी ओळ :
झडपेची दिशा बदलली आहे.
त्या दिवशी टाकीवर पान अर्धंच उघडलं होतं.
उरलेलं अर्धं
मी गेल्या वर्षीचं धरलं.

कंपनीत फोन केला. आठ हजार प्रती छापून झाल्या होत्या.
साहेब गोड बोलले : पुढच्या आवृत्तीत घेऊ.
पुढची आवृत्ती दिवाळीनंतर.
फवारणी आज.

तेव्हा बाजाराच्या दिवशी
कृषी केंद्रातल्या दोनशे चौदा डब्यांची झाकणं उघडली,
लाल पेनानं बाण फिरवले,
आणि 'घड्याळाच्या उलट दिशेनं' खोडून
बेबीबाईनं सांगितलं ते लिहिलं :
नळ सुरू करतो तसं.
दुकानदार म्हणत होता, नवा माल खराब करून रायला बावा.
उरलेल्या सात हजार सातशे शहाऐंशींचं
मला माहीत नाही.

परतताना लतीफच्या भिंतीपाशी थांबलो.
जागा शोधावी लागली, वायसर आणि टेपच्या मधे.
खडूनं लिहिलं :
'पान बारा. बाण उलटा. चूक लिहिणाऱ्याची.'

लतीफनं वाचलं. काही बोलला नाही.
हात पुसून खाली तारीख टाकली,
म्हणाला, 'तारीख नाई टाकली
तं मानसाले वाटते, हे आजचंच हाये.'