पाचवं तास

भूपालअण्णा मगदुमांचा आवाज
पहिल्यांदा माझ्या भोंग्यातून गेला
तेव्हा नेवरीच्या माळावर दोनच भोंगे,
एक बाभळीला, एक ट्रॅक्टरच्या टपाला.
मी सतरा वर्षांचा. वायर दातांनी सोलायचो.

"गाडीवानांनो, चिठ्ठीप्रमाणं तासात या.
शेपूट चावायचं न्हाई.
चावलं तर नाव घिऊन सांगणार,
बायको ऐकतीया घरात."

माणसं हसायची. मग निशाण वर जायचं
आणि अण्णा गप्प.
अख्खा माळ गप्प. भजी तळणारासुद्धा झारा वर धरून.
ह्या गप्प बसण्याचे पैसे वेगळे लावा,
मी कमिटीला म्हणायचो.

सुटली!
आणि एका दमात सात गाड्या:
मालक, गाव, डावीचा बैल, उजवीचा,
कुणाची माय कुणाच्या दावणीला होती तेही.
शेवटच्या गाडीचं नाव घेतल्याबिगर
माइक कधी खाली ठेवला नाही.
"मागं ऱ्हायला म्हंजे पळाला न्हाई असं हाय व्हय?"

बंदी आली.
माझे भोंगे लग्नाला गेले, उरुसाला गेले,
पडलेल्या उमेदवाराच्या सभेला गेले, ते पैसे अजून यायचेत.
अण्णा सोसायटीच्या कट्ट्यावर बसून
कारखान्याला निघालेल्या उसाच्या गाड्यांना
हळूच तास देत.
न्हाव्याच्या दुकानात कुणी जुनी फायनल काढली
की गिऱ्हाइकाच्या गालावर साबण वाळून जायचा.

डोळे तेव्हाच गेले असणार.
कळणार कुणाला? बघायला काही नव्हतंच.

बंदी उठली. पहिल्याच मैदानाला
स्टेजवर चढताना त्यांनी माझा दंड धरला
आणि पायऱ्या मोजल्या.
"इसाक, धूळ लई हाय का रं आज?"
धूळ नव्हती.
रात्री टँकरनं पाणी मारलं होतं.

ठरवलं असं काही नाही.
मी मागं उभा राहिलो, वायर धरल्यागत,
आणि जे तास पुढं, तेवढ्या टिचक्या
त्यांच्या पाठीवर, सदऱ्याच्या शिवणीपाशी.
बाकीचं ते घुंगरांवरनं भरून काढत.
दोन हंगाम. एकतीस मैदानं.
लोक म्हणायचे, सत्तरीला आला तरी म्हाताऱ्याची नजर घारीची.

वांगीची फायनल.
पाचव्या तासात माझ्या बहिणीचा पोरगा, अस्लम,
बैल उसनवारीचे, चाकं माझ्या पैशाची.
चौथं आणि पाचवं जू लावून आल्यागत आली.
चार टिचक्या झाल्या होत्या. बोट उचललं होतं.
पाचवी कशी पडली
ते अल्लाला माहीत. आणि मला.

"पाचवं तास! पाचवं!"
गुलाल उडाला, अस्लमला खांद्यावर घेतलं.
मग पडद्यावर संथ करून दाखवलं
आणि चौथ्या तासाच्या बैलाचं नाक
चार बोटं पुढं होतं.
शिट्ट्या. चपला. कुणीतरी ओरडलं, किती खाल्ले?

अण्णांनी माइक पुन्हा मागितला.
"चूक माझी. पंचांची न्हाई, दुसऱ्या कुणाचीच न्हाई.
चौथं तास."
थांबले.
"आणि शेवटी आली तडसरची गाडी, वजीर आणि बावऱ्या. झकास पळाली."
बटण त्यांनी स्वतःच चाचपून बंद केलं.

टेम्पोत कुणी बोललं नाही.
भोंगे मागं एकमेकांवर आदळत होते.
कडेगावच्या चौकात म्हणाले,
"पोरगं चांगलं हाकतंय तुझं."
एवढंच.

आता शर्यत मोबाईलवर लागते.
नवा पोरगा चांगला बोलतो, आवाजात तार आहे,
पण पहिल्या तिघांची नावं घेऊन
थेट जाहिरातीवर जातो.
अण्णा खाटेवर पाठ माझ्याकडं करून बसतात,
सवयीनं.
"शेवटी कोण आलं रं?"
मी बघून सांगतो.
हात खिशात ठेवून.