शेऱ्याचा रकाना

वृक्षगणनेचा फॉर्म एकाच पानाचा असतो.
क्रमांक. जात. घेर. उंची. प्रकृती.
आणि अगदी तळाला शेरा,
दीड बोट जागा.

तीनशे चौदा नंबरला पोचलो तेव्हा ऊन कललं होतं.
गंगावेशीच्या खाली, नदीकडे उतरणाऱ्या बोळात,
तालमीच्या मागच्या भिंतीला खेटून
नांदरुक.
भिंतीनं त्याला जागा दिली की त्यानं भिंतीला,
सांगता येत नाही. विटा त्याच्या पोटात गेल्यात,
एक कोनाडासुद्धा, पणतीसकट.

"वय लिवा पाचशे," म्हशीची दोरी सोडत
दिनकर आडनाईक म्हणाला.
वयाला रकाना नाही, मी म्हटलं.
"मग मोजताय काय गा?"

बाबालाल पिरजाद्यांनी चहा सांगितला.
एक फकीर इथं उन्हाचा टेकला होता म्हणे.
उठून चालू लागला, सावली काही उठेना.
"आधी सावली होती साहेब.
झाड मागनं आलं, तिच्या मापाचं."

"फकीर न्हाई अन् बिकीर न्हाई,"
केरसुण्या बांधता बांधता अनूबाई कोरवी.
प्लेगात गाव माळावर खोपटात गेलं,
तेव्हा घराघराच्या किल्ल्या ह्याच्या ढोलीत ठेवल्या.
परतले त्यांनी आपापल्या नेल्या.
ज्यांच्या राहिल्या, त्या ह्यानं गिळल्या.
"वारं सुटलं की ऐका."
मी ऐकलं.
पलीकडं कुणीतरी भांडी घासत होतं.

घेर छातीच्या उंचीवर घ्यायचा, असा नियम आहे.
टेप एका माणसाला पुरत नव्हता.
तालमीतून एक पोरगा आला, अंगभर लाल माती,
कानाची अजून भाकरी न झालेला.
त्यानं दुसरं टोक धरलं.
आणि बरोबर तिथंच, छातीच्या उंचीवर,
साल गुळगुळीत, काळीभोर,
तेल प्यालेल्या पाट्यासारखी.

हे काय?
"पाठी."
कसल्या पाठी?
"आखाड्यात ज्याची पाठ लागली
त्यानं सरळ घरला जायचं न्हाई. हितं यायचं.
उभ्यानं टेकायचं.
आडव्या मातीला लागलेली पाठ
उभ्या लाकडाला लागली की हार सुटती, म्हणत्यात."
सुटून जाते कुठं?
त्यानं वर बघितलं. फांद्या बोळ ओलांडून
समोरच्या तिसऱ्या मजल्यावर वाळत घातलेल्या
साड्यांत शिरल्या होत्या.
"एवढं वाढलंय कशावर मग?"

सात मीटर बावीस. लिहिलं.
त्यातलं लाकूड किती, ते नाही लिहिलं.

टेप गुंडाळताना दिसली,
रस्त्याच्या खात्यानं मारलेली लाल फुली.
म्हणजे हे जाणार आहे. म्हणजे मी जे मोजतोय
ते आहे याची नोंद नाही, होतं याची आहे.
पण फुली अर्धीच होती.
रंग ओला असताना कुणाची तरी पाठ
तिच्यावरून निघून गेली होती.

पोरगा वळला.
मातीच्या लालावर आणखी एक लाल,
तिरका, खांद्यापासून मणक्यापर्यंत.
चार दिवस झाले असतील. घासूनही निघाला नव्हता,
की त्यानं घासलाच नव्हता.
कुणाकडून हरलास?
"सांगणार न्हाई," म्हणाला, आणि हसत आत गेला.
आतून जोराचा आवाज, दहा मांड्या एकदम.

बोळात आता मी, म्हैस, आणि तीनशे चौदा.
माझा विश्वास नाही. माझ्याजवळ टेप आहे,
ओळखपत्र आहे, डब्यात उरलेली अर्धी भाकरी आहे.
चैत्रात एक गोष्ट माझीही मातीला लागली,
तिचा इथं काही संबंध नाही.
शर्टाला डाग पडेल, एवढंच मनात आलं,
आणि तेही टेकल्यावर.

म्हैस बघत होती.

मग उभ्या उभ्याच फॉर्म पुरा केला.
जात : नांदरुक. प्रकृती : लिहिता लिहिता खोडली.
शेरा :
फुली अस्पष्ट. कोणत्या झाडावर आहे, खात्री होत नाही.
पुन्हा पाहणी करावी.