अर्धी खाच

देवळाली कॅम्पात, कैकोबादशेठच्या टेबलावर
हिरव्या बनातीवर ती आडवी.
एकनळी. एका वेळी एकच काडतूस.
अक्रोडाच्या दस्त्याला जवसाच्या तेलाचा वास.

पुण्याचे संग्राहक नळीतून खिडकीचा उजेड बघतात,
घोडा ओढून कान देतात.
खट्.
"माल अस्सल. पण या खाचा?"

सात. नखानं मोजाव्यात अशा.
आठवी अर्धीच.

शेठ चष्मा पुसत राहतात.
त्र्यंबकच्या रानातून बावाजी
त्या दिवशी पायी आले,
काडतुसांचा डबा विहिरीत टाकला,
जेवले नाहीत.
कुणी विचारलं नाही.

"लाकूड भरून घेऊ. पाच हजार कमी करा."

"सात बुजवा, तेवढ्याचे कमी करतो.
आठवी राहू द्या,"
म्हणतात शेठ,
आणि लायसन्सची झेरॉक्स मागतात.