सात चालू, दोन बंद

चपला बाहेर काढून आत यायचं,
हा नियम माझ्याआधीच्या सरांचा.
कारण त्यांना विचारायचं राहिलं. मीही पाळते.
साखर पेठ, जिन्याखालची खोली,
नऊ कॉम्प्युटर. सात चालू, दोन बंद.
भिंतीपलीकडे माग. तो सुरू झाला
की आमचा पंखा जरा दमाने फिरतो.

पहिलीची श्रावणी बोल्ली
माऊस उचलून उलटा करते,
पोटाखालचा लाल दिवा बघते
आणि शेजारणीला तेलुगूत सांगते, जागा आहे गं.
मग दोन्ही हातांनी खाली ठेवते,
आवाज न करता.

पाचवीला स्वतःचं नाव टाइप करायचं.
नागनाथ गुर्रमला र्र सापडत नाही.
गुरम, लिहितो तो.
"असू दे मॅडम, रेशन कार्डावर पण असंच आहे."
त्या दिवशी घंटा झाली तरी त्याला सोडलं नाही.
आधी पाय मोडलेला र, मग धडधाकट र.
डबा खायचा राहिला त्याचा. माझाही.

आठवीला सगळं येतं.
एका खुर्चीवर दोघं, तिसरा मागे उभा, सांगणारा.
माऊस मुलाकडे. मुलगी वहीत उतरवून घेते.
रोज पस्तीस मिनिटं मी फक्त
तो माऊस इकडून तिकडे सरकवते.

नववीत फळ्यावर शून्य आणि एक लिहिले.
बी.एड.मध्ये पाठ केलेलं सगळं सांगून झालं.
पोरं खिडकीबाहेर.
शेवटच्या बाकावरून व्यंकटेश कोटा म्हणाला,
"मॅडम, हे आमचं कार्ड आहे की.
भोक असलं की दोरा उचलतो. नसलं की नाही."
दुसऱ्या दिवशी घेऊन आला,
पिवळट पुठ्ठ्याची पट्टी, भोकाभोकांची.
कारखाना बंद पडला तेव्हा वडिलांनी
एवढंच घरी आणलेलं.
"चादरीवरच्या मोराची मान आहे ही,
बाकीचा मोर नाही."
उजेडाकडे धरून आम्ही सगळ्यांनी ती मान वाचली.
एक, शून्य, शून्य, एक.
मला तेव्हा कळलं. खरंच, तेव्हाच.

दहावीला ही खोली मिळत नाही.
दहावीला बोर्ड असतं.

मे महिना, त्रेचाळीस डिग्री, शाळा बंद,
मानधन मार्चपासून आलेलं नाही.
तरी किल्ली माझ्याकडेच, म्हणून आले.
बंदपैकी एकाचं झाकण उघडलं.
आत पंख्याच्या पात्यांत सुताचं तूस,
मऊ, पांढरं, मधे एक निळा धागा,
कुणाच्या तरी टॉवेलच्या काठाचा.
भिंतीतून इतकी वर्षं येत होता की काय.
फुंकर मारली. डोळ्यांत गेलं सगळं.
बटण दाबलं आणि पदराने तोंड पुसत राहिले,
तोवर तो गुरगुरला.

आठ चालू, एक बंद.
रजिस्टरात अजून लिहिलेलं नाही.
लिहिलं तर साहेब म्हणतील,
मग नवे कशाला मागता?