रिकाम्या चौकटी

पांढरे सुती हातमोजे घालून
मी एकतीस वर्षं निगेटिव्ह कापली,
बुडापेस्टच्या फिल्म प्रयोगशाळेत, दुसऱ्या मजल्यावर,
जिथे काचांना काळा रंग फासलेला होता
आणि दुपार झाली हे
कँटीनमधल्या कोबीच्या वासावरून कळायचं.

तिवादार सारकाचे नऊच्या नऊ सिनेमे
माझ्या हातांखालून गेले.
मी ते आधी उलटे पाहिले:
बर्फ कोळशासारखा,
कोळसा उतरवणारे हमाल दुधासारखे,
नवरीचा पोशाख काळा कुळकुळीत,
आणि प्रत्येकाच्या डोळ्यांत
बाहुलीच्या जागी तांदळाचा एकेक दाणा.
लोक म्हणायचे, याच्या सिनेमात उजेड काय सुंदर असतो!
असेल.
मला त्याचा अंधार आधी भेटला.

दुसऱ्यांच्या रिळांत घाई असायची.
पात्र दाराबाहेर पडलं की काप,
रडू आलं की काप,
जणू मागे कोणी काठी घेऊन उभं आहे.
सारका थांबायचा.
माणूस निघून गेला, दार उघडंच,
आणि दाराची चौकट नुसती उभी
चौदा चौकटी.
मोजून चौदा. अर्ध्या सेकंदाहून नखभर जास्त.

पहिल्यांदा मला वाटलं, कोणीतरी खूण करायला विसरलं.
वर फोन लावला. तोच बोलला:
“चूक नाही, बाई.
गेलेला माणूस जरा वेळ तिथेच असतो.”

त्याच हिवाळ्यात माझा भाऊ
व्हिएन्नाला म्हणून गेला, तो गेलाच.
स्वयंपाकघराच्या दारात तो नंतर किती वेळ होता
हे मोजायचं मला सुचलं नव्हतं.

पाचव्या सिनेमाला समितीने हात घातला.
पावाच्या रांगेतल्या म्हातारीची चार मिनिटं काढा, म्हणाले.
आम्हाला वाटलं, आता हा भांडेल.
तो भांडला नाही. चार मिनिटं काढली,
आणि त्या जागी
एक रिकामं अंगण ठेवलं, त्यात वाळत घातलेली एक चादर,
आणि चादरीमागून
रांगेतल्या पायांचा आवाज.
समितीला काहीच दिसलं नाही.
दिसण्यासारखं काही नव्हतंच.
चित्रपटगृहात मात्र माणसं आपापल्या पायांकडे बघू लागली.

कापलेल्या तुकड्यांचा नियम सरळ होता: जाळायचे.
मी मिरपुडीच्या डब्यात भरून घरी नेले.
नोकरी गेली असती.
बावीस वर्षं दर महिन्याला डबा उघडून हुंगत होते,
फिल्म सडू लागली की आधी व्हिनेगरचा वास येतो.

मग राज्य बदललं, समिती गेली,
मी डबा घेऊन त्याच्या घरी गेले.
त्याने ती पट्टी खिडकीशी धरली, म्हातारी पाहिली,
बराच वेळ पाहिली,
आणि परत गुंडाळून माझ्या हातात दिली.
“नको. सिनेमा हिच्यावाचून चालायला शिकला.
आता हिला आत घेतलं तर तो लंगडेल.”

मला राग आला, खोटं कशाला बोलू.
बावीस वर्षं!
ट्राममध्ये डबा मांडीवर घेऊन बसले,
मनातल्या मनात त्याला नाही नाही ते बोलले,
आणि मार्गारेट पुलावर कळलं
की तो बरोबर आहे,
तेव्हा जास्तच राग आला.

आता तो शहाऐंशीचा.
दहावा सिनेमा करतोय, फिल्मशिवाय,
कापायला बोट हलवलं की पुरे, हातमोजे नकोत.
त्याचं बोट थरथरतं, म्हणून एक पोरगी शेजारी बसते,
तो “आता” म्हणाला की ती दाबते.
ती सांगते, “आता” म्हणायच्या आधी
आजोबा श्वास रोखतात.
मला हे ठाऊक होतं, पोरी.
मी तो श्वास हातांनी चाचपलाय.

परवा आला होता. जिना चढून,
दोन मजल्यांना चार विसावे घेत.
डब्याचं काहीच बोलला नाही,
माझ्या गुडघ्यांची चौकशी केली,
कॉफी कडू आहे म्हणाला आणि दुसरा कप मागितला.
मग टोपी घातली, निघाला.

मी दाराकडे बघत बसले.
एक, दोन, तीन…
चौदा कधीच मागे पडले.
कॉफीवर साय धरली,
खाली फाटक वाजलं,
चौकट अजून भरलेली होती.