रकाना सात

व्होरूच्या दक्षिणेला, लात्वियाची हद्द हाकेवर,
स्प्रूसचं जुनं रान. तुकडा क्रमांक एकशे बारा.
तोडीआधीची पाहणी माझ्याकडे.
रकाना सात: संरक्षित वनस्पती. आहे / नाही.

हेल्वेबाई पुढं चालत होत्या, रबरी बुटांत,
वय त्र्याऐंशी, काठी फक्त डास हाकायला.
"इथं," म्हणाल्या, आणि शेवाळाकडं बोट केलं.
शेवाळच होतं.

"एकोणनव्वद साली उगवलं होतं. नंतर एकदम दोन हजार सहाला.
वीतभर. वितळत्या मेणाच्या रंगाचं.
पान नाही, औषधालाही हिरवं काही नाही.
फुलं उलटी टांगलेली, ओठ आभाळाकडं.
वाकले तर वास पिकल्या केळ्याचा!
तेव्हा केळी कुठली आमच्याकडं? वर्षाकाठी एकदा, रांग लावून.
मला वाटलं, कुणीतरी झाडाआड लपून एकटंच खातंय."

मी शिकलेलं आठवत राहिलो:
मुळं नाहीत. मातीत पोवळ्यासारखी एक गाठ,
ती जगते बुरशीच्या धाग्यांवर,
बुरशी स्प्रूसच्या मुळांवर,
स्प्रूस उन्हावर.
म्हणजे तिच्यापर्यंत ऊन पोचतं
ते तीन घरं फिरून, शिळं होऊन, काळोखातून.
आणि बदल्यात ती काय देते?
अजून कुणाला कळलेलं नाही.

"आयतखाऊ आहे," मी म्हणालो.

बाई आडव्या ओंडक्यावर बसल्या.
राग आला होता की दम लागला होता, समजेना.

"माझा मामा, एल्मार,
सत्तेचाळीस ते बावन्न होता इथं.
रानात नाही रे. रानाखाली.
फळ्या, फळ्यांवर माती, मातीवर हेच शेवाळ.
आई बादलीच्या तळाशी राईचा पाव ठेवायची, वर कोंडा,
आणि एका बुंध्याशी बादली विसरून यायची.
पीठ कुणाचं, मीठ कुणाचं, डुकराची चरबी कुणी दिली,
विचारायची पद्धत नव्हती.
ज्याला त्याला आपापला पुढचा बुंधा तेवढा माहीत.

शिपाई यायचे. विचारायचे, रानात कोण आहे?
आई खोटं बोलत नसे, मेली तरी.
म्हणायची, दिसलं नाही कुणी.
पाच वर्षं तेवढंच. आहे नाही, नाही नाही.
दिसलं नाही."

"मग?"

"मग एका हिवाळ्यात बादली जशीच्या तशी. वर बर्फ.
आईनं त्यानंतरही अकरा दिवस पाव नेला."

मी गुडघे टेकले, शेवाळावर तळवा ठेवला.
गार, ओलं. बाकी काही नाही.
खाली काही चाललं असेल तर
ते माझ्या हाताला सांगण्यासारखं नव्हतं.
समोरच्या खोडावर नारिंगी रंगाचा पट्टा,
गेल्याच आठवड्यातला, अजून बोटाला लागणारा.

रकान्यात दोनच चौकटी असतात.
मी दोन्ही मोकळ्या सोडल्या
आणि समासात पेन्सिलीनं लिहिलं: दिसलं नाही.
संध्याकाळी साहेबांचा फोन येणार, मला ठाऊक होतं.
तार्वो, हे उत्तर नव्हे.

परतताना हेल्वेबाई एका जागी
उगाचच मोठा वळसा घालून गेल्या.
तिथं काहीही नव्हतं.
मीही वळसा घातला.